रक्ताच्या नमुन्यातील घातक विषाणू निष्क्रिय करून प्रथिनांचे विश्लेषण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इबोला, मारबर्ग, लासा, निपाह, क्रायमियन-काँगो रक्तस्रावी ताप अशा विषाणूंचा संशय असलेले सीरम, प्लाझ्मा किंवा रक्त मास स्पेक्ट्रोमेट्री, वेस्टर्न ब्लॉट किंवा एलायझासाठी (या प्रथिने ओळखण्याच्या आणि मोजण्याच्या पद्धती) खालच्या जैवसुरक्षा पातळीच्या प्रयोगशाळेत न्यायचे असते, तेव्हा पडणारे हे प्रश्न आहेत. निष्क्रिय करण्याची पायरी पूर्ण होईपर्यंतचे सगळे काम त्या विषाणूसाठी नेमून दिलेल्या पातळीच्या प्रयोगशाळेतच होते, हे गृहीत धरले आहे.

नमुना निष्क्रिय केला म्हणजे तो निर्जंतुक झाला का?

नाही. निष्क्रिय म्हणजे त्यातला विषाणू पेशीला संसर्ग करू शकत नाही, एवढेच. विषाणूची प्रथिने आणि आरएनए नमुन्यात असतातच. किंबहुना प्रथिने शिल्लक राहावीत म्हणूनच ही खटपट. ज्या विषाणूसाठी पद्धत तपासली, तेवढ्यापुरताच तिचा दावा असतो. जिवाणूंचे बीजाणू आणि प्रायॉन (रोग पसरवणारी प्रथिने) इथल्या बहुतेक पद्धतींना दाद देत नाहीत.

कोणती पद्धत निवडावी?

आधी विश्लेषण ठरवा, मग पद्धत. प्रथिने तुकडे करून मास स्पेक्ट्रोमेट्रीने मोजायची असतील किंवा एसडीएस जेलवर चालवायची असतील, तर त्यांचा आकार मोडला तरी बिघडत नाही. अशा वेळी एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट, प्रथिने उलगडणारे तीव्र डिटर्जंट) आणि उष्णता ही जोडी सर्वांत भरवशाची. प्रतिपिंडाने ओळखायची प्रथिने मूळ घडीत हवी असतील, तर ट्रायटॉन (सौम्य डिटर्जंट) आणि सौम्य उष्णता किंवा गॅमा किरण. एंझाइमची क्रियाशीलता मोजायची असेल, अल्ब्युमिन (रक्तातले सर्वांत मुबलक प्रथिन) काढणाऱ्या स्तंभातून प्लाझ्मा न्यायचा असेल किंवा पेशीबाह्य पुटिका (पेशींनी बाहेर सोडलेल्या सूक्ष्म पिशव्या) वेगळ्या करायच्या असतील, तर गॅमा किरणांखेरीज फारसे काही उरत नाही. पुटिकांचे पटल आणि विषाणूचे आवरण दोन्ही मेदाचेच असल्याने जे डिटर्जंट विषाणू फोडते ते पुटिकाही फोडते.

एसडीएस किती घालावे? एक टक्का पुरतो असे ऐकले आहे.

पेशींच्या माध्यमात पुरेल, पण न पातळ केलेल्या सीरममध्ये पुरत नाही. त्यामागचा हिशेब एकदा समजून घेतला की बहुतेक अपयशांचे कारण उलगडते.

सीरममध्ये मिलिलिटरमागे साधारण ६० ते ८० मिलिग्रॅम प्रथिन असते, ७० धरू. एक ग्रॅम प्रथिन सुमारे १.४ ग्रॅम एसडीएस बांधून घेते. म्हणजे एक मिलिलिटर सीरम जवळजवळ ९८ मिलिग्रॅम एसडीएस गिळते, तर एक टक्का द्रावणात ते असते फक्त १० मिलिग्रॅम. सगळे एसडीएस अल्ब्युमिनच्या वाट्याला जाते आणि विषाणूच्या आवरणासाठी मोकळे काहीच उरत नाही. उलट, सीरम दहा पट पातळ केले तर प्रथिन मिलिलिटरला ७ मिलिग्रॅम होते आणि ते सुमारे १० मिलिग्रॅम एसडीएस बांधते. अंतिम प्रमाण २ टक्के, म्हणजे मिलिलिटरला २० मिलिग्रॅम ठेवले, तर निम्मे एसडीएस मोकळे राहते. नुसती टक्केवारी लिहिलेली कार्यपद्धती म्हणूनच अपुरी असते. त्या टक्केवारीला किती प्रथिन आहे, तेही लिहायला हवे.

हाच नियम थोड्याफार फरकाने प्रत्येक डिटर्जंटला लागू पडतो.

एसडीएस पद्धतीच्या पायऱ्या काय?

बफर: एसडीएस २.२ टक्के, ट्रिस किंवा टीईएबी (दोन्ही पीएच स्थिर ठेवणारी) ५० मिलिमोलर, पीएच ८ च्या आसपास, टीसीईपी (प्रथिनांतले गंधकाचे बंध सोडवणारे क्षपणकारक) ११ मिलिमोलर. टीसीईपीचे द्रावण आम्लधर्मी असते, त्यामुळे ते घातल्यावर पीएच पुन्हा पाहा. टीसीईपी त्याच दिवशी घाला.

१. जैवसुरक्षा कॅबिनेटमध्ये, फिरकीचे झाकण आणि रबरी कडी असलेल्या २ मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये १८० मायक्रोलिटर बफर आधी भरून ठेवा.

२. त्यात २० मायक्रोलिटर सीरम किंवा प्लाझ्मा सोडा. पिपेटचे टोक द्रवाच्या आत असू द्या. भिंतीवर थेंब टेकवू नका. फुगे न करता तीन-चार वेळा वरखाली करा.

३. झाकण घट्ट लावून ट्यूब पाच-सहा वेळा पूर्ण उलटी करा, म्हणजे झाकणाची आतली बाजू आणि आटे बफरने भिजतील. खोलीच्या तापमानाला १० मिनिटे ठेवा.

४. सेंट्रिफ्यूजच्या बंद रोटरमध्ये काही सेकंद फिरवून द्रव खाली आणा. मग तो सगळा नव्या, स्वच्छ ट्यूबमध्ये घ्या आणि जुनी ट्यूब निर्जंतुकीकरणाच्या भांड्यात टाका.

५. ९५ अंश सेल्सियसला १० मिनिटे. घड्याळ ट्यूबमधले द्रव ९५ अंशांना पोहोचल्यापासून सुरू होते, ट्यूब ब्लॉकमध्ये ठेवल्यापासून नव्हे.

६. पाच मिनिटे थंड होऊ द्या, फिरवा, ट्यूबची बाहेरची बाजू जंतुनाशकाने पुसा आणि मगच बाहेर काढा.

ही आकडेवारी सुरुवातीसाठी आहे. तुमचा विषाणू, तुमची ट्यूब आणि तुमचा हीट ब्लॉक घेऊन ती सिद्ध झाली की मगच तिच्या भरवशावर नमुना बाहेर न्यावा.

क्लोरोअ‍ॅसिटामाइडची (सिस्टीन या अमिनो आम्लाला झाकण्याची) पायरी नंतर, बाहेरच्या प्रयोगशाळेत करा. गरम द्रावणात आयोडोअ‍ॅसिटामाइड मात्र वापरू नका. ते लायसिनवर नको ते बदल करते.

ट्यूब बदलायची कटकट खरंच हवी का?

हवी. पिपेटने सीरम घालताना एखादा बारीक थेंब ट्यूबच्या तोंडाशी किंवा झाकणाच्या आट्यात बसतो. त्याला बफर लागत नाही. हीट ब्लॉक ट्यूबच्या खालच्या भागाला गरम करतो, झाकण बरेच थंड राहते, म्हणून त्याला उष्णताही लागत नाही. पुढे कोणीतरी ती ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतो आणि तो जिवंत थेंब निष्क्रिय नमुन्यात उतरतो. रसायन उत्तम, वेळ बरोबर, तरी निकाल धोकादायक. ट्यूब बदलली की हा मार्गच बंद होतो. शिवाय झाकणही तापेल असा गरम झाकणाचा ब्लॉक किंवा ट्यूब पूर्ण बुडवणारे पाण्याचे भांडे वापरता आले तर उत्तम.

ब्लॉकच्या पडद्यावरचे तापमान हे धातूचे तापमान असते. तितकाच द्रव भरलेल्या, पण विषाणूचा नमुना नसलेल्या ट्यूबमध्ये तापमापकाची तार सोडून, तो तापायला किती मिनिटे लागतात ते मोजा. ब्लॉकच्या कोपऱ्यातल्या भोकांसाठी वेगळे मोजा; कडेची भोके बऱ्याचदा थंड असतात.

नुसते ५६ अंशांना ३० मिनिटे तापवले तर?

ही सवय पूरक प्रथिने, म्हणजे कॉम्प्लिमेंट, नष्ट करण्यासाठी पडली. विषाणूंसाठी ती बेतलेली नाही. दाट प्रथिन विषाणूला उष्णतेपासून सांभाळते, त्यामुळे विषाणूभार जास्त असेल तर काही कण शिल्लक राहू शकतात. ६० अंशांना ६० मिनिटे हे बरेच चांगले, पण त्याची किंमतही मोजावी लागते. फायब्रिनोजेन ५५-५६ अंशांच्या आसपासच मोडते, म्हणून प्लाझ्मा गढूळ होतो आणि साका बसतो. तो साका फिरवून टाकून दिलात, तर त्याच्याबरोबर अडकलेली प्रथिनेही गेली. क्रिएटिन कायनेज, अल्कलाइन फॉस्फटेज यांसारख्या एंझाइमांची मोजमापे विश्वासार्ह राहत नाहीत. सोडियम, युरिया, क्रिएटिनिन यांना फारसा धक्का लागत नाही.

न पातळ केलेले सीरम थेट ९५ अंशांना नेले तर त्याचा घट्ट गोळा होतो. त्याच्या गाभ्यात काय घडले, ते कोणालाच सांगता येणार नाही.

ट्रायटॉन एक्स-१०० कसे वापरावे?

१० टक्के द्रावण करून ठेवा. निव्वळ ट्रायटॉन मधासारखे चिकट असते आणि पिपेटने मोजताना हमखास कमी जाते. नऊ भाग सीरममध्ये एक भाग हे द्रावण घातले की अंतिम प्रमाण १ टक्का होते. खोलीच्या तापमानाला किमान एक तास, अधूनमधून उलटवत. जुन्या कार्यपद्धतींत दिसणारे ०.१ टक्का प्रमाण सीरममध्ये एकटे पुरेसे नाही. ते ६० अंशांच्या तासाभराच्या उष्णतेबरोबरच वापरले जाते.

रक्तापासून औषधी प्रथिने बनवणाऱ्या उद्योगात १९८० च्या दशकापासून द्रावक-डिटर्जंट पद्धत चालते: प्लाझ्मासाठी ट्राय-एन-ब्युटिल फॉस्फेट १ टक्का, ट्रायटॉन १ टक्का, ३० अंशांना ४ तास. द्रावक मेद सैल करते, डिटर्जंट तो विरघळवते. मूळ घडीतली प्रथिने जपायची असतील तर हिचा विचार जरूर करावा.

दोन सावधगिऱ्या. जुन्या ट्रायटॉनमध्ये पेरॉक्साइड तयार होतात आणि ते मेथिओनिनचे ऑक्सिडीकरण करतात. बाटली अंधारात ठेवा, उघडल्याची तारीख लिहा. आणि ट्रायटॉन मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये गेले तर ४४ डाल्टनच्या अंतराने शिखरांची रांगच्या रांग उभी राहते आणि स्तंभातून ते लवकर निघत नाही. मास स्पेक्ट्रोमेट्री करायची असेल तर ट्रायटॉनच्या वाटेला न जाणे शहाणपणाचे. युरोपीय संघात ४ जानेवारी २०२१ पासून त्याचा औद्योगिक वापर परवानगीशिवाय करता येत नाही, कारण त्याच्या विघटनातून निघणारे ऑक्टिलफिनॉल जलचरांच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करते. वैज्ञानिक संशोधनाला त्यात सवलत आहे.

युरिया, ग्वानिडिन किंवा ट्रायझॉल चालेल का?

८ मोलर युरियावर एकट्यावर विसंबू नका. त्याला तापवूनही भागत नाही: ३७ अंशांच्या वर युरियातून सायनेट तयार होते, ते लायसिनला आणि प्रथिनाच्या टोकाला चिकटते आणि प्रत्येक ठिकाणी ४३ डाल्टनची भर पडते. ६ मोलर ग्वानिडिन हायड्रोक्लोराइड तापवता येते, पण ट्रिप्सिन (प्रथिनांचे तुकडे करणारे एंझाइम) घालण्यापूर्वी ते १ मोलरच्या खाली आणावे लागते. ग्वानिडिन आणि एसडीएस कधीही एकत्र करू नका, लगेच साका होतो. आरएनए काढण्याच्या किटमधले ग्वानिडिन थायोसायनेटचे बफर इथेनॉल घातल्याशिवाय पुरेसे मानू नये. ट्रायझॉल (फिनॉल आणि ग्वानिडिन असलेले तयार द्रावण) चांगले निष्क्रिय करते, पण त्याच्या फिनॉलच्या थरातून मिळवलेली प्रथिने पुन्हा विरघळवताना घाम फुटतो.

गॅमा किरणांनी प्रथिने खरंच शाबूत राहतात?

बरीचशी. कोबाल्ट-६० चे किरण विषाणूच्या जनुकसाखळीत तोड पाडतात, आणि प्रथिनाच्या मानाने जनुकसाखळी हे फार मोठे लक्ष्य असते. म्हणूनच लहान जनुकसाखळीच्या विषाणूला मोठी मात्रा लागते. प्रथिनांचे बरेचसे नुकसान थेट किरणांनी होत नाही. पाण्यातून तयार होणारे मुक्त मूलक ते करतात. नमुना गोठलेला असेल तर हे मूलक हलू शकत नाहीत. त्यामुळे किरणोत्सर्ग ड्राय आइसवरच करतात. वाटेत ड्राय आइस संपून नमुना वितळला, तर तीच मात्रा प्रथिनांना कितीतरी जास्त इजा करते. दुसरीकडे, गोठलेल्या नमुन्यात विषाणूलाही तेच संरक्षण मिळते, म्हणून द्रव नमुन्यासाठी ठरवलेली मात्रा गोठलेल्याला लावू नये.

मात्रा काही दहा किलोग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) असते. ५० किलोग्रे ही नेहमी दिसणारी संख्या. डबा गच्च भरला तर मध्यभागी कमी मात्रा पोहोचते, म्हणून मात्रामापक पट्टी डब्याच्या मधोमधही ठेवा.

फॉर्मलिन, बीटा-प्रोपिओलॅक्टोन, अतिनील किरण?

फॉर्मलिन प्रथिने एकमेकांना बांधून टाकते. लसीसाठी ठीक, आपल्या कामासाठी नाही. बीटा-प्रोपिओलॅक्टोन सिस्टीन, मेथिओनिन, हिस्टिडिनवर बसते, शिवाय त्याचे विघटन होताना पीएच घसरतो. २५४ नॅनोमीटरचे अतिनील किरण सीरममध्ये फार आत शिरतच नाहीत, कारण प्रथिनेच ते शोषतात.

आवरण नसलेल्या विषाणूंचे काय?

हिपॅटायटिस ए, पोलिओ, पार्व्हो यांना मेदाचे आवरणच नाही, तेव्हा ट्रायटॉनने फोडायला काही उरत नाही. तिथे एसडीएस, क्षपणकारक आणि ९५ अंश हे तिन्ही एकत्र हवेत किंवा गॅमा किरण. नमुन्यात नेमका कोणता विषाणू आहे हे माहीत नसेल तर हा मुद्दा विसरू नका.

पूर्ण रक्तासाठी वेगळे काही?

हो. पेशींच्या आत आणि गुठळीच्या गाभ्यात रसायन उशिरा पोहोचते. गुठळी दिसली तर तो नमुना या पद्धतीत घेऊ नका. पेशी फुटल्यावर डीएनए सुटून द्रव धाग्यासारखा ताणला जातो; तो मोडण्यासाठी सुई किंवा उघडा सोनिकेटर वापरण्याचा मोह आवरा, एकाने टोचण्याचा धोका, दुसऱ्याने फवाऱ्याचा. अधिक पातळ करा किंवा ध्वनिलहरी बंद ट्यूबमध्ये, निष्क्रिय झाल्यानंतर द्या. शिवाय हिमोग्लोबिनपुढे बाकी सगळी प्रथिने झाकोळतात, म्हणून शक्य असेल तिथे प्लाझ्माच घ्यावा. रक्त घेण्याची नळी के२-ईडीटीए या गोठणरोधकाची चालते. हेपारिन हा दुसरा गोठणरोधक अनेक प्रथिनांना चिकटतो आणि पीसीआर अडवतो.

गोठवणे, वाळवणे किंवा फिल्टर कागदावर थेंब सुकवणे पुरेसे नाही का?

नाही. गोठवून वाळवणे ही तर विषाणू टिकवून ठेवण्याची पद्धत आहे.

निष्क्रिय केल्यावरही पीसीआर पॉझिटिव्ह आला. पद्धत फसली का?

पीसीआर आरएनएचा एक तुकडा शोधते, विषाणू जिवंत आहे का ते सांगत नाही. संसर्गक्षमता फक्त पेशींवर तपासता येते. याची दुसरी बाजूही आहे: फ्लेव्हि, कोरोना, पिकोर्ना या धन-धागी विषाणूंचा (ज्यांच्या आरएनएवरून पेशी थेट प्रथिने बनवते) नुसता आरएनए पेशीत घुसवला तर त्यातून नवा विषाणू तयार होऊ शकतो. म्हणून अशा नमुन्यातून आरएनए काढणार असाल तर नियम वेगळे लागू शकतात.

आमच्या प्रयोगशाळेत पद्धत सिद्ध कशी करावी?

निगेटिव्ह सीरममध्ये ज्ञात प्रमाणात जिवंत विषाणू मिसळा, संपूर्ण पद्धत जशीच्या तशी करा आणि उरलेला विषाणू व्हेरो ई६ सारख्या पेशींवर शोधा. सांगायला सोपे, खाचाखोचा अशा.

डिटर्जंट पेशींनाही मारते. ते काढण्यासाठी फिरकी स्तंभ किंवा डिटर्जंट शोषणारी राळ वापरा, आणि त्या स्तंभात विषाणूच अडकत नाही ना, हे आधी पाहा. त्यासाठी तीन नियंत्रणे लागतात: प्रक्रिया न केलेला विषाणू, विषाणूशिवाय प्रक्रिया केलेले सीरम, म्हणजे पेशींवरचा विषारी परिणाम कळतो, आणि प्रक्रिया करून स्वच्छ केलेल्या सीरममध्ये नंतर टाकलेला अगदी थोडा विषाणू. हे तिसरे बरेच जण गाळतात. तो थोडासा विषाणू पेशींवर वाढला नाही, तर तुमची चाचणी आंधळी आहे आणि 'काही आढळले नाही' या निकालाला अर्थ नाही.

पेशी किमान एक-दोन आठवडे पाहा आणि वरचा द्रव दोन-तीन वेळा नव्या पेशींवर घाला.

आता आकडे. मिलिलिटरमागे एक कोटी संसर्गक्षम कण होते आणि पद्धतीने ५ लॉग, म्हणजे एक लाख पट, घट केली, तर १०० उरतात. तीव्र आजारात इबोलाच्या जनुकीय प्रती मिलिलिटरला १० कोटींच्या वर जाऊ शकतात, तेव्हा चाचणीतला विषाणूभार तोकडा ठेवून उपयोग नाही. किती आकारमान तपासले तेही महत्त्वाचे: एक मिलिलिटर तपासून शून्य कण मिळाले, तर ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की मिलिलिटरमागे ३ पेक्षा कमी आहेत. फक्त १०० मायक्रोलिटर तपासले असेल तर ३० पेक्षा कमी. विषारीपणा टाळण्यासाठी दहा पट पातळ केले असेल तर ३००. प्रयोग वेगवेगळ्या दिवशी किमान तीनदा करा. फाय-६ (जिवाणूंना लागणारा विषाणू) सारखे पर्यायी विषाणू हात बसवण्यासाठी उत्तम, अंतिम पुरावा म्हणून नव्हे.

इतकी काटेकोर तपासणी खरोखर कोणाला उपयोगी पडली आहे का?

तिच्या अभावी काय होते, त्याचे उदाहरण नोंदलेले आहे. जून २०१४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीमध्ये (रोग नियंत्रण आणि प्रतिबंध केंद्रात) अँथ्रॅक्सच्या जिवाणूंचे अर्क मॅल्डी-टॉफ या प्रकारच्या मास स्पेक्ट्रोमीटरवरच्या प्रथिन तपासणीसाठी फॉर्मिक आम्लाने तयार केले होते. १० मिनिटांच्या प्रक्रियेनंतर घेतलेला अंश ज्या बशीत वाढवायला ठेवला, तिच्यावर २४ तासांत वाढ दिसली नाही, म्हणून अर्क खालच्या पातळीच्या प्रयोगशाळांत गेले. त्याच बशीवर काही दिवसांनी वाढ दिसली. विषाणू नव्हे, जिवाणू. पण चूक तीच: दुसऱ्या जिवाणूंसाठी बेतलेली पद्धत बीजाणू करणाऱ्या जिवाणूला लावली आणि बशी पुरेसा वेळ पाहिली नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथेच इबोलाच्या ट्यूबची अदलाबदल झाली आणि जिवंत विषाणू असू शकेल असा नमुना खालच्या पातळीला पोहोचला. तेव्हा निष्क्रिय आणि जिवंत ट्यूबसाठी झाकणांचे रंग वेगळे ठेवा, दोन्ही एका रॅकमध्ये नकोत, आणि नमुना बाहेर जाताना दुसऱ्या माणसाची सही असलेला दाखला बरोबर हवा. अमेरिकेत २०१७ पासून नियंत्रित यादीतल्या रोगकारकांसाठी असा दाखला बंधनकारक आहे.

एसडीएस असलेला नमुना मास स्पेक्ट्रोमीटरला कसा देणार?

तसाच देऊ नये. ते स्तंभ आणि आयनीकरण दोन्ही बिघडवते आणि ट्रिप्सिनही बंद पाडते. आधी ते काढा: एस-ट्रॅप स्तंभ, प्रथिने पकडणारे एसपी३ मणी किंवा ३० किलोडाल्टनच्या फिल्टरवर ८ मोलर युरियाने धुणे, यांपैकी काहीही चालते. प्रथिनांचे प्रमाण मोजताना ब्रॅडफोर्ड ही रंगचाचणी वापरू नका, एसडीएस त्याचा रंग बिघडवते. बीसीए ही दुसरी रंगचाचणी एसडीएसला जुमानत नाही, पण टीसीईपीपुढे हार मानते. क्षपणकारक सहन करणारे किट घ्या.

गोठवलेल्या ट्यूबमध्ये पांढरे खडे दिसले तर घाबरू नका, थंडीत एसडीएस जमते. ३७ अंशांना विरघळवून नीट ढवळल्यावरच पिपेट करा. विरघळत नसेल तर पोटॅशियमचा संशय घ्या; पोटॅशियम आणि एसडीएस मिळून अविद्राव्य क्षार बनतो. बफर करताना पोटॅशियमचे क्षार टाळा.

निरोगी व्यक्तींचे नमुनेही निष्क्रिय करायचे का?

हो, त्याच दिवशी, एकाच वेळी बनवलेल्या त्याच बफरने. रुग्णांचे नमुने तापवलेले आणि तुलनेचे न तापवलेले असतील, तर जो फरक दिसेल तो आजाराचा की उष्णतेचा हे कोणीही सांगू शकणार नाही. समस्थानिकांनी जड केलेली मानक प्रथिने वापरत असाल तर ती निष्क्रिय करण्यापूर्वीच बफरमध्ये घाला, म्हणजे पुढचे सगळे नुकसान त्यांनाही सारखेच भोगावे लागते. शिवाय एका निरोगी प्लाझ्माचे दोन भाग करून, एकावर प्रक्रिया करून आणि एक तसाच ठेवून, कोणती प्रथिने घटतात याची यादी एकदा करून घ्या.

टाकाऊ द्रवावर ब्लीच ओतले तर चालेल?

एसडीएस आणि ट्रायटॉनच्या बाबतीत चालते, पण रक्तातले प्रथिन क्लोरीन खाऊन टाकते, म्हणून ०.५ टक्के हायपोक्लोराइट ताजे आणि भरपूर घ्या, आणि फेसाची तयारी ठेवा. ग्वानिडिन असलेल्या द्रवावर मात्र ब्लीचचा थेंबही नको. त्यातून विषारी वायू निघतात. ग्वानिडिनचे भांडे वेगळे, वेगळ्या रंगाचे आणि ब्लीचच्या बाटलीपासून दूर ठेवा. ते सांडले तर आधी डिटर्जंट आणि पाण्याने पुसून घ्या. विषाणू जिवंत असण्याची शक्यता असेल, तर जंतुनाशकाची निवड काम सुरू करण्यापूर्वीच जैवसुरक्षा अधिकाऱ्याबरोबर ठरलेली असायला हवी.